वापसा आल्याशिवाय नाही

मातीची मूठ उचलायची, दाबून तिचा लाडू वळायचा, छातीच्या उंचीवर हात न्यायचा आणि लाडू सोडून द्यायचा. खाली पडून फुटला, माती मोकळी झाली, की म्हणायचं, "आला." तसाच गोळा राहिला, की, "न्हाई आला." निकाल एवढे दोनच. अपील नाही.

यायचा तो वापसा. तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासारखेच पिंपरी-चिंचवडच्या डांबरावर वाढलेले असतील, म्हणून सांगते. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी उतरतं, ओल तेवढी राहते, मातीत पुन्हा हवा खेळायला लागते. पाय रुतत नाही आणि ढेकळंही निघत नाहीत. पेरायची, लावायची, खत द्यायची ती वेळ. मी दोन वर्षं हवामानबदलावर पत्रकं लिहून गेटागेटावर वाटत होते आणि मला वापसा ठाऊक नव्हता. हसायचं तर हसून घ्या.

त्यांना सगळे नाना म्हणत. महाळुंग्याचे. चारी बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आणि मध्ये त्यांचं दोन एकर रान. त्यातल्याच एका कंपनीत, गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या, ते कंत्राटावर फोर्कलिफ्ट चालवत. पहाटे रान, सातपासून कंपनी, शिफ्ट सुटली की पुन्हा रान. अंगावर कंपनीचा निळा शर्ट आणि त्याच्या खिशाला कायम मातीची बोटं उठलेली.

पहिली भेट महाळुंग्याच्या चौकात, एका पावसाळी गुरुवारी. आमच्या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून माणसं गावात सापडतात. माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'शेतकरी बंधूंनो, अज्ञान सोडा! युरियाचा मारा थांबवा!' उद्गारचिन्हं दोन्ही माझीच. बाकीच्यांनी पत्रकावर भजी ठेवून खाल्ली. नानांनी मात्र बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी केली आणि माझ्याकडे परत दिलं.

"हे कुणी लिवलंय?"

"मी."

"अज्ञान कुणाचं?"

"म्हणजे... शेतकऱ्यांचं."

"कंच्या शेतकऱ्याचं? नाव सांग. आत्ता जाऊ त्याच्याकडं."

माझ्याकडे नाव नव्हतं. दोन वर्षांत एकही नाव नव्हतं.

"मंग चल," म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून मला रानाकडे घेऊन गेले.

आदल्या दिवशी बुधवारी पाऊस झाला होता. बाजरीच्या ओळींमध्ये पाणी चमकत होतं. आजूबाजूच्या रानांत माणसं पाटीतून युरिया फेकत होती, पांढरे दाणे चिखलात पडून विरघळत होते. मला तर पुरावाच सापडला. "हेच, नाना! हेच लिहिलंय मी! चिखलात टाकतायत बघा. कळत नाही का यांना?"

नानांनी बांधावरून हाक मारली, "ए भावा! ही पोरगी इचारती, चिखलात युरिया टाकल्यावर काय व्हतं?"

तो माणूस हात न थांबवता म्हणाला, "उडून जातो."

"मंग टाकतो कशाला?"

"नाना, उद्या फर्स्ट शिफ्ट हाय. पुढच्या गुरवारपातुर पीक थांबतंय व्हय?"

पलीकडच्या रानातूनही हसण्याचा आवाज आला. नाना हसले नाहीत. वाकले, मूठभर माती घेतली, लाडू वळला, सोडला. थप् करून पडला आणि तसाच राहिला.

"न्हाई आला," म्हणाले. त्यांची गोणी गोठ्यातच होती. गोठ्यात जनावर नव्हतं, गोणीच होती.

"मग तुम्ही कधी टाकणार?"

"आल्यावर."

"तेव्हा ड्युटी असली तर?"

"रजा."

मी बांधावर बसून त्यांना माझं शिक्षण ऐकवलं. काळ्या मातीत पाणी तुंबलं की हवा कोंडते. हवा नसली की मातीतले सूक्ष्म जीव खतातल्या नत्रावर भागवतात, आणि त्या नत्राचा नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त तापवणारा. पृथ्वी तापली की पाऊस असा अवेळी, एका दमात कोसळणारा. म्हणजे पुन्हा चिखल, पुन्हा पीक पिवळं, पुन्हा एक गोणी जास्त.

नानांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "म्हंजी माझं खत बी गेलं, आन तुझी हवा बी गेली."

माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून असं एक वाक्य नव्हतं.

"आन हे अज्ञान न्हाई," उठता उठता म्हणाले. "आमच्या आज्याला ठावं हुतं, मला ठावं हाय, त्या भावाला ठावं हाय. फक्त पाऊस बुधवारी पडतो आन सुट्टी गुरवारी आसती. हे लिही."

त्या संध्याकाळी काळेवाडीला घरी आले. माझी आई नानांच्याच कंपनीत हाऊसकीपिंगला आहे. ऑफिसच्या मजल्यावरच्या फरशा तिच्याकडे. ती भाकरी थापत होती. मी विचारलं, "आई, वापसा माहितीये तुला?"

तिचे हात थांबले. "तुला कुणी सांगितला?"

"म्हणजे माहितीये?"

"परभणीला वापसा आला की माझा बाप जेवायलाबी थांबत नव्हता. ताट झाकून ठेवायचो आमी."

"मग तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी इचारलंस? तू तर मला पत्रकं वाचून दाखवतीस, आन मी ऐकायलेय."

उरलेले पत्रकांचे गठ्ठे मी रद्दीत घातले. राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून शेवटी स्वतःवरच काढला.

मग मी नानांच्या मागे लागले. गुरुवार सोडून इतर दिवशीही महाळुंग्याला जायला लागले. त्यांच्या दोन एकरांत तीन जमिनी आहेत हे मला पायांनी कळलं. वर मुरूम, मध्ये हलकी, खाली ओढ्याकडे काळीभोर. मुरमाला दुसऱ्या दिवशी वापसा येतो, काळीला पाच-पाच दिवस लागतात. उन्हाचा तडाखा असला तर एका दिवसात येऊन निघूनही जातो, आणि मग काळी दगड होते. एकाच रानात तीन तारखा, आणि कंपनीच्या कॅलेंडरवर एकच गुरुवार.

माती आताशा पाणी लवकर सोडत नाही, असं ते सांगायचे. शेणखत बंद झालं तेव्हापासून ती घट्ट होत गेली. "बैल कुणी विकले?" मी चवताळून विचारलं. मला गुन्हेगार हवाच असतो.

"मीच इकलं. नोकरी लागली तवा. फोर्कलिफ्टला शेण पडत न्हाई, पोरी."

एकदा गावातल्या लग्नात पंगतीला बसलो होतो. नानांनी पानातला बुंदीचा लाडू उचलला, छातीपर्यंत नेला आणि पानात सोडला. टणकन आवाज झाला. "न्हाई आला," म्हणाले. "पाक पुढं गेलाय." आचारी अजूनही त्यांचं नाव काढलं की झारा उचलतो.

पण गंमत सगळी रजेच्या अर्जात होती. कारणाच्या रकान्यात नाना एकच शब्द लिहायचे, 'वापसा'. सुपरवायझर बिचारा कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसायचा. "नाना, सिस्टीममध्ये हे कारणच नाही. आजार आहे, लग्न आहे, मयत आहे, घरगुती आहे. घरगुती टाकू?"

"घरगुती न्हाई. रानातलं हाय."

"अहो, मी टाकतो ना, तुमचं काय जातं?"

"खोटं जातं माझ्या नावावर."

कधी रजा मिळायची, कधी नाही. नाही मिळाली तरी ते जायचे, आणि त्यांच्या नावावर खाडा पडायचा. गावातली बाकीची माणसं खाडा परवडत नाही म्हणून गुरुवारची वाट बघायची. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरात दोन हप्ते चालू असले की तुम्हीही गुरुवारचीच वाट बघाल.

पुढच्या वर्षी जूनमध्ये कंपनीने पर्यावरण दिन साजरा केला. गेटवर 'हरित कारखाना' असा मोठा फलक, कामगारांना प्लास्टिकच्या पिशवीतलं एकेक रोप आणि कॅन्टीनमध्ये एका पाहुण्यांचं व्याख्यान. ते मला आईनेच सांगितलं; ती मागे खुर्च्या लावत होती. पाहुण्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की शेतकऱ्यांनी खत योग्य ओलीवरच द्यावं, नाहीतर वातावरण तापतं. बरोबर सांगितलं हो. अगदी बरोबर सांगितलं. मग नाना उभे राहिले.

"साहेब, योग्य ओल सोमवारी आली तर?"

"मग सोमवारी द्या."

"हेच जरा ह्यांना सांगा," म्हणत नानांनी पुढच्या रांगेत बसलेल्या एचआरच्या साहेबांकडे बोट केलं. कॅन्टीनमध्ये टाळ्या पडल्या, आणि कुणी वाजवल्या ते साहेबांनी मागे वळून बघितल्यावर थांबल्या. लगेच रोपं वाटायला सुरुवात झाली.

त्यातून आमचं नवं पत्रक निघालं. मी दोन पानं लिहून नेली. नानांनी वाचली आणि खोडायला पेन मागितलं. "लई लांब हाय. हे 'भांडवली' काढ. 'जागतिक' बी काढ. शिफ्ट सुटल्यावर मानूस उभ्यानं वाचतो, त्याची बस निघालेली आसती." शेवटी चार ओळी उरल्या. 'पाऊस सुट्टी बघून पडत नाही. चिखलात टाकलेलं खत पिकाला मिळत नाही, हवेला मिळतं. आम्हाला वर्षातून चार दिवस वापसा रजा हवी. दिवस माती ठरवेल.' शेवटची ओळ त्यांची.

खाली पहिली सही नानांची. त्यांच्यामागे थोड्याच आल्या. कंत्राटदाराचा माणूस चहाच्या टपरीवरून सगळं बघत होता. दोन दिवसांनी सुपरवायझरने नानांना बाजूला घेतलं. यापुढे एक जरी खाडा पडला तरी कंत्राट संपलं, असा वरून निरोप होता.

ऑक्टोबर संपत आला. बटाट्याची लागवड आली. बटाट्याचं बेणं डोळा धरून कापतात आणि फोडी लावतात. एकदा कापलं की फार थांबता येत नाही. त्यामुळे बुधवारी दुपारपासून गावात घरोघरी अंगणात बेणं कापणं चालू होतं, गुरुवारच्या लागवडीसाठी. फक्त नानांच्या घरी विळी निघाली नव्हती. त्यांच्या घरच्या काकू पोत्याजवळ बसून चिडचिड करत होत्या, "सगळ्या गावाचं कापून झालं, आन आपण पूजा घाला बेण्याची!"

नाना म्हणाले, "आल्यावर काप."

चार वाजता पाऊस आला. पावसाळा संपला असं सगळे म्हणत होते, आणि ओढा भरून वाहिला.

गुरुवारी गावाने चिखलात लागवड केली. करणार काय? फोडी कापलेल्या, शुक्रवारी शिफ्ट. खतही त्याच चिखलात गेलं. नाना बांधावर उभे राहून लाडू सोडत होते. गुरुवारी नाही आला. शुक्रवारी मुरमाला आला, काळीला नाही. रविवारीही काळीला नाही, आणि बटाटा काळीतच लावायचा होता. सोमवारी संध्याकाळी काळीतल्या लाडवाच्या कडा फुटल्या, पोट राहिलं. "उद्या," नाना म्हणाले.

आणि मोबाइलवर बुधवारी पुन्हा पाऊस दाखवत होता. म्हणजे मंगळवार हा एकच दिवस. बेण्याला लांब कोंब फुटलेले. पुन्हा चिखल झाला तर ते पोतं घरात सडणार आणि हिवाळ्याचं पीक गेलं.

सुपरवायझरने सोमवारीच नाही म्हणून सांगितलं होतं. मोठी ऑर्डर निघायची होती. "गुरुवारी सुट्टी आहेच की, नाना."

बांधावर मी त्यांना म्हणाले, "नाना, या वेळी जाऊ द्या. नोकरी जाईल. गुरुवारी लावा जमेल तसं."

होय, मीच म्हणाले हे. पत्रक लिहिणारी. नानांनी हातातली माती झटकली.

"पत्रकात येगळं लिवलंय," म्हणाले.

पुढचं माझ्या आईने बघितलं, आणि तिने सांगितलं तसं लिहिते. मंगळवारी सातला नाना कामावर आले, पण फोर्कलिफ्टकडे गेले नाहीत. हातात जेवणाचा डबा घेऊन थेट वरच्या मजल्यावर, एचआरच्या साहेबांच्या केबिनपाशी. आई तिथेच पुसत होती. दार उघडंच होतं.

साहेब वाईट माणूस नव्हता, हेही आईने सांगितलं. त्याने नानांना बसायला सांगितलं. अर्ज वाचला. म्हणाला, "नाना, हे कारण बदला. ताप आलाय लिहा. मी आत्ता सही करतो. माझेही हात बांधलेत हो."

"मला ताप न्हाई."

"अहो, सगळेच लिहितात!"

"म्हून तर तुमच्या कागदावर सगळा गाव आजारी हाय, साहेब. गावाला कायबी झालेलं न्हाई. रानाला वापसा आलाय, एवढंच झालंय."

"वापसा, वापसा! दिसतो तरी का कुठे तो?"

नानांनी टेबलावर डबा ठेवला, झाकण काढलं. आत भाकरी नव्हती. आत पहाटे ओढ्याकडून आणलेली काळी माती होती. त्यांनी मूठ भरली, दाबून लाडू वळला, छातीपर्यंत हात नेला आणि त्या पांढऱ्या, गुळगुळीत, आईने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सोडून दिला.

फुटला. दारापर्यंत माती उडाली.

"दिसला?" नाना म्हणाले. "आला."

गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून त्यांनी अर्जावर ठेवलं. बाहेर पडताना आईपाशी थांबले. "ताई, पसारा केला तुमच्यापुढं."

"असू द्या," आई म्हणाली. "जावा तुमी. वापसा थांबत नसतो."

त्या दिवशी आम्ही तिघं-चौघं रानात होतो. काकू बेणं कापत होत्या, नाना सरीत पुढे, मी मागे फोडी ठेवत. मी निम्म्या फोडी डोळा खाली करून ठेवल्या आणि जन्मात खाल्ली नव्हती एवढी बोलणी खाल्ली. अंधार पडायच्या आत शेवटची सरी झाकली. बुधवारी पाऊस आला. थोडाच आला, पण आला.

त्यांच्या रानात सोन्याचं पीक आलं असं मी लिहिणार नाही. ते खोटं त्यांच्या नावावर नको. उगवण चांगली झाली. गुरुवारवाल्यांच्या बऱ्याच फोडी कुजल्या, काहींच्या वाचल्या, आणि पिवळ्या पडलेल्या ओळींवर पुढच्या गुरुवारी पुन्हा युरिया पडला. नानांना त्या वर्षी दुसरी गोणी लागली नाही. आणि नोकरी गेली. ती परत आली नाही.

"वाईट वाटतं का?" मी एकदा विचारलं.

"वाटतं की. कॅन्टीनचा चहा चांगला हुता."

आता फोर्कलिफ्टवर दुसराच कुणी बसतो. शिफ्ट सुटताना मी गेटवर पत्रकं वाटते, आणि निळ्या शर्टांच्या गर्दीत मातीची बोटं उठलेला खिसा शोधायची माझी सवय जात नाही. मी नानांना गेटवर बोलवून बघितलं. ते आले नाहीत. म्हणाले, "तिथं डांबर हाय. लाडू वळत न्हाई."

पुढच्या पावसाळ्यात सात जणांनी रजेच्या कारणात 'वापसा' लिहिलं. सातही अर्ज नामंजूर झाले. त्यांच्या प्रती माझ्याकडे आहेत आणि यंदा आठवा, नववा, विसावा येईपर्यंत मी गेटवरून हलणार नाही. 'हरित कारखाना' हा फलक अजून तिथेच आहे. त्याच्या खालीच उभी असते मी.

परवा आई कामावरून आली ती हसतच. साहेबांच्या केबिनमध्ये दाराजवळच्या फरशीच्या सांध्यात एक काळी रेघ आहे. नानांची माती तिथे जाऊन बसली आहे. कुणी मोठा पाहुणा येणार म्हणून साहेबांनी आईला तिसऱ्यांदा सांगितलं, ती रेघ घासून काढा. आईने तिसऱ्यांदा सांगितलं, काळी माती आहे साहेब, एकदा सांध्यात गेली की निघत नसते.

"खरंच निघत नाही?" मी विचारलं.

"निघती की," आई म्हणाली, आणि परातीत पीठ घेतलं. "मी काढत न्हाई."